मागे राहते ती चरबी

लायपोसक्शनची, म्हणजे कातडीखालची चरबी नळीने ओढून काढायच्या शस्त्रक्रियेची, चौकशी करायला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो किलोचा. किती किलो निघेल? प्रश्न साहजिक आहे, पण अपेक्षा भरकटायला सुरुवात होते ती इथूनच. या शस्त्रक्रियेने वजनकाट्यावर फरक पडलाच तर दोन-तीन किलोंचा. शिंप्याच्या टेपवर मात्र तो नीट कळतो. बरणीत जमा झालेला पिवळा ऐवज बघून लोक हरखतात. अनुभवी सर्जनचं लक्ष बरणीकडे कमी आणि कातडीखाली उरलेल्या थराकडे जास्त असतं. सहा महिन्यांनी आरशात दिसणार असतो तो हा उरलेला थर. बरणी तर त्याच दिवशी जैविक कचऱ्यात गेलेली असते.

बरणीचं गणित एकदा मांडून बघण्यासारखं आहे. समजा ३ लिटर माल निघाला. थोडा वेळ तसाच ठेवला की त्याचे दोन थर होतात. वर पिवळी चरबी, खाली गुलाबीसर पाणी. हे पाणी म्हणजे शस्त्रक्रियेआधी सर्जननेच आत सोडलेलं औषधी द्रावण आणि त्यात मिसळलेलं थोडं रक्त. वरचा थर २ लिटर भरला, तर चरबी पाण्यापेक्षा हलकी असल्यामुळे त्याचं वजन होतं साधारण १.८ किलो, आणि त्या थरातही थोडं पाणी अडकलेलं असतंच. म्हणजे जाहिरातीतले ‘५ लिटर’ ऐकून ५ किलो उतरल्याचा हिशेब कुणी करत असेल, तर तो हिशेब सुरुवातीलाच फसला. हा ५ लिटरचा आकडा वेगळ्याच कारणासाठी लक्षात ठेवावा. एका वेळी चरबी आणि पाणी मिळून ५ लिटरच्या वर काढायचं, तर तेवढी सोय असलेलं रुग्णालय हवं आणि तिथे रात्रभर देखरेखीखाली राहायला हवं, असा सर्वसाधारण संकेत आहे. कारण एवढं बाहेर काढल्यावर शरीरातल्या द्रवाचा तोल सांभाळणं हेच एक स्वतंत्र काम होऊन बसतं.

आता कुठली चरबी निघते ते. पोटावर चरबी दोन ठिकाणी असते. एक कातडी आणि स्नायू यांच्या मधली, चिमटीत येणारी. दुसरी स्नायूंच्या आत, आतड्यांभोवती साचलेली. लायपोसक्शनची नळी पहिल्या चरबीपर्यंतच पोचते. दुसरीला कुठलाही सर्जन हात लावू शकत नाही, कारण तिथे आतडी आहेत. आपल्या पोटात कोणती जास्त, हे घरच्या घरी ताडता येतं. उताणं झोपा. पोट दोन्ही बाजूंना पसरून सपाट झालं, तर चरबी बरीचशी वरची. झोपल्यावरही ढेरी घुमटासारखी उभी राहिली, तर ती आतली. मग पोट आवळून स्नायू ताठ करा आणि वरचा भाग चिमटीत धरा. चिमटीत आलं तेवढंच या शस्त्रक्रियेच्या हद्दीतलं. कडक, गोल ढेरी असलेल्या अनेकांच्या चिमटीत जेमतेम बोटभर येतं. त्यांनी कितीही पैसे मोजले तरी ढेरी तिथेच राहणार, आणि हे त्यांना आधी स्पष्ट न सांगणारा डॉक्टर मला तरी भरवशाचा वाटत नाही.

मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांना खतपाणी घालते ती प्रामुख्याने हीच आतली चरबी. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १५ स्थूल स्त्रियांच्या पोटावरून प्रत्येकी साधारण १० किलो चरबी काढली होती. नेहमीच्या शस्त्रक्रियेच्या मानाने ही प्रचंड मात्रा. दहा-बारा आठवड्यांनी तपासलं तर इन्शुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद, रक्तदाब, रक्तातली साखर, रक्तातली चरबी, सगळं जवळजवळ होतं तिथेच. आहार आणि व्यायामाने याहून कितीतरी कमी वजन उतरलं तरी हे आकडे हलतात. तेव्हा ‘लायपो केलं की शुगर आटोक्यात येईल’ असं कुणी सांगत असेल तर ते कानाआड करावं.

ही शस्त्रक्रिया कुणाला लाभते? वजन निदान सहा महिने स्थिर आहे, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) साधारण ३०च्या आत आहे, आणि व्यायाम करूनही एखादाच भाग, म्हणजे कमरेच्या वळ्या, ओटीपोट, मांड्यांची बाहेरची बाजू, दंड किंवा हनुवटीखालचा भाग, हटून बसलाय, अशांना. आणि यातही सगळ्यात महत्त्वाची ठरते ती कातडी. चरबी काढल्यावर मोकळी झालेली कातडी स्वतःहून आक्रसून बसावी लागते. तिच्यात ती ताकद नसेल तर फुगवटा जाऊन त्या जागी लोंबणारी घडी येते. बाळंतपणानंतर पांढऱ्या रेघा पडलेलं, सैल झालेलं पोट किंवा एकदम पुष्कळ वजन उतरल्यावर लोंबणारे दंड यांना नळी उपयोगाची नाही. तिथे जास्तीची कातडी कापून काढावी लागते आणि लांब व्रण स्वीकारावा लागतो. मांड्यांवरचे बारीक खळगे, ज्याला सेल्युलाइट म्हणतात, तेही लायपोसक्शनने जात नाहीत. उलट कधी कधी जास्त उठून दिसतात. पुरुषांच्या वाढलेल्या छातीत चरबीबरोबर घट्ट ग्रंथीही असते. ती नळीतून ओढली जात नाही. स्तनाग्राच्या कडेला छोटी चीर देऊन ती वेगळी काढावी लागते, नाहीतर मध्ये बटणासारखा गोळा राहतो.

चरबी कमी करायची हौस जुनीच. १९२०च्या दशकात फ्रान्समध्ये शार्ल दुजारिए नावाच्या सर्जनने एका नर्तिकेच्या पायातली चरबी गर्भाशय खरवडायच्या हत्याराने काढायचा प्रयत्न केला. मोठी रक्तवाहिनी दुखावली आणि पाय कापावा लागला. पुढे कित्येक वर्षं कुणी त्या वाटेला गेलं नाही. १९७०च्या दशकाच्या मध्यात रोममध्ये फिशर पितापुत्रांनी आणि १९७७च्या सुमारास पॅरिसमध्ये इव्ह-जेरार इलूझ यांनी आजच्या पद्धतीचा पाया घातला. इलूझ यांची कळीची सुधारणा होती नळीच्या टोकाची. त्यांनी धारदार पात्याऐवजी बोथट, गोल टोक वापरलं. बोथट टोक मऊ चरबीतून वाट काढतं आणि चिवट रक्तवाहिन्या, मज्जातंतू शक्यतो बाजूला सारतं. तरीही रक्तस्राव हा मोठा प्रश्न होताच. काहीही आत न सोडता ‘कोरड्या’ पद्धतीने चरबी ओढली तर निघालेल्या मालात २० ते ४५ टक्के रक्तच असायचं.

तो प्रश्न सुटला १९८७ साली. कॅलिफोर्नियातले त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी ट्युमेसंट पद्धत प्रसिद्ध केली. भाग आधी द्रावणाने टम्म फुगवायचा आणि मग चरबी ओढायची. द्रावणाची कृती साधी आहे. १ लिटर सलाईनमध्ये ५०० ते १००० मिलिग्रॅम लिग्नोकेन (यालाच लिडोकेनही म्हणतात), १ मिलिग्रॅम अ‍ॅड्रिनॅलिन आणि थोडा सोडिअम बायकार्बोनेट. लिग्नोकेनने भाग बधिर होतो, अ‍ॅड्रिनॅलिनने रक्तवाहिन्या आक्रसतात, बायकार्बोनेटने टोचताना होणारी आग कमी होते. निघालेल्या मालातलं रक्ताचं प्रमाण यामुळे १ टक्क्याच्या आसपास आलं. आज बहुतेक सगळीकडे हीच पद्धत किंवा तिचा थोडा आवरता अवतार वापरतात. मूळ पद्धतीत काढायच्या मालाच्या दोन-तीनपट द्रावण सोडतात, आवरत्या पद्धतीत साधारण जेवढ्यास तेवढं.

या लिग्नोकेनबद्दल रुग्णाला फार कमी सांगितलं जातं, म्हणून इथे जरा थांबतो. अ‍ॅड्रिनॅलिनसोबत दिलं तरी एरवी याची मर्यादा किलोमागे ७ मिलिग्रॅम मानतात. ६० किलोच्या माणसाला ४२० मिलिग्रॅम. क्लाइन यांनी दाखवून दिलं की एवढं पातळ करून, चरबीत, हळूहळू सोडलं तर किलोमागे ३५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. पुढे काही मार्गदर्शक सूचनांत ५५पर्यंत मुभा दिली गेली. ३५ धरले तर ६० किलोच्या माणसासाठी २१०० मिलिग्रॅम झाले, म्हणजे लिटरमागे ५०० मिलिग्रॅमचं द्रावण चारेक लिटर. हे चालतं, कारण चरबीत रक्तपुरवठा मुळात कमी, त्यात अ‍ॅड्रिनॅलिनने वाहिन्या आवळलेल्या. औषध रक्तात झिरपत राहतं, पण सावकाश. आणि इथेच मेख आहे. रक्तातली पातळी सगळ्यात वर जाते ती द्रावण सोडल्यानंतर साधारण बारा तासांनी. दुपारी शस्त्रक्रिया झाली, संध्याकाळी माणूस ठणठणीत घरी गेला, तर औषधाचा कळस येणार मध्यरात्री, सगळे झोपलेले असताना. तोंडाभोवती मुंग्या, जिभेवर धातूची चव, कानात घूं घूं आवाज, बोलणं जड होणं, विनाकारण अस्वस्थ वाटणं, हात थरथरणं ही मात्रा जास्त झाल्याची पहिली चिन्हं आहेत. त्यापुढे झटके येतात आणि हृदयाची लय बिघडते. यावर शिरेतून द्यायचं लिपिड इमल्शन (तेलाचं दुधासारखं पांढरं द्रावण) हा उतारा आहे, पण तो रुग्णालयात असतो. म्हणून पहिली रात्र एकट्याने काढू नये, आणि सोबतीला असणाऱ्याला ही चिन्हं तोंडपाठ असावीत.

लिग्नोकेनचा निचरा यकृत करतं. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन यांसारखी प्रतिजैविकं, बुरशीवरच्या काही गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं यकृतातली तीच यंत्रणा अडवून ठेवतात. आधीपासून चालू असलेल्या प्रत्येक गोळीची यादी डॉक्टरांपुढे ठेवायची ती यासाठी. ‘ही तर साधीच आहे’ म्हणून वगळलेली गोळी नेमकी नडते.

तयारीतल्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात. तंबाखू कोणत्याही रूपात, शस्त्रक्रियेआधी आणि नंतर निदान चार-चार आठवडे बंद. निकोटिनने कातडीचा रक्तपुरवठा आवळला जातो आणि जखम भरत नाही. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, ई जीवनसत्त्व, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, लसणाच्या गोळ्या हे सगळं रक्त पातळ ठेवतं. कधी थांबवायचं ते डॉक्टर सांगतील, साधारण आठवडा-दोन आठवडे आधी; पण हृदयासाठी दिलेलं अ‍ॅस्पिरिन आपल्या मनाने बंद करायचं नाही. संततिनियमनाच्या किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर त्या रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढवतात, त्या सांगायच्या. हल्ली आणखी एक भर पडली आहे. वजन उतरवायची इंजेक्शनं घेणाऱ्यांचं जठर उशिरा रिकामं होतं. उपाशीपोटी असूनही अन्न आत राहिलेलं असू शकतं आणि भुलेत ते श्वासनलिकेत जायचा धोका असतो. भूलतज्ज्ञाला हे माहीत असायलाच हवं. एरवी घन अन्न सहा तास आधी आणि पाणी दोन तास आधी बंद, हा नेहमीचा नियम.

शस्त्रक्रियेचा खरा नकाशा टेबलावर जाण्याआधी तयार होतो. रुग्णाला उभं करून कातडीवर पेनाने खुणा करतात. उभंच का, तर आडवं झाल्यावर चरबी सरकते आणि फुगवटे गायब होतात. डोंगराच्या नकाशावर असतात तशी एकात एक वर्तुळं काढली जातात. मधलं वर्तुळ म्हणजे सगळ्यात जाड जागा. जिथे हात लावायचा नाही त्या जागांवर वेगळ्या खुणा. या वेळी आरशासमोर उभं राहून, कुठे काय करणार ते विचारून घ्यावं. गुंगीचं औषध दिल्यावर विचारण्यात अर्थ नसतो. भूल कोणती, हे भाग किती आणि कुठले यावर ठरतं. हनुवटी किंवा एखादा छोटा भाग नुसत्या द्रावणावर, जागेपणी होतो. मोठं काम असेल तर गुंगी किंवा पूर्ण भूल.

मग ३ ते ५ मिलिमीटरच्या दोन-तीन चिरा, बहुधा बेंबीत, अंतर्वस्त्राच्या रेषेत, घडीत लपतील अशा. त्यातून द्रावण सोडलं जातं. कातडी ताठ, गार आणि पांढरट होते. यानंतर पंधरा-वीस मिनिटं थांबायचं असतं. अ‍ॅड्रिनॅलिनला काम करायला तेवढा वेळ लागतो. घाई करणारा सर्जन ही मिनिटं वाचवतो आणि रुग्ण त्याची किंमत काळ्यानिळ्या डागांत चुकवतो.

नळी, म्हणजे कॅन्युला, २ ते ५ मिलिमीटर जाडीची असते. टोकाजवळ बाजूला भोकं असतात, ती कातडीकडे नव्हे तर खाली, स्नायूकडे तोंड करून ठेवायची. एक हात नळी मागेपुढे चालवतो. दुसरा तळहात कातडीवर सपाट टेकवलेला असतो. खरी नजर या दुसऱ्या हातात असते. टोक आत्ता कुठे आहे, किती खोल आहे, कातडीखाली किती जाडी उरली आहे, हे त्या तळहाताला कळत असतं. नळी एकाच दिशेने फिरली तर चर पडतात, म्हणून दोन वेगवेगळ्या चिरांमधून एकमेकांना छेदणारे बोगदे करतात. आधी खोलचा सैल थर, मग गरजेपुरता वरचा. कातडीलगतचा साधारण सेंटिमीटरभर थर मुद्दाम राखायचा असतो. तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांवर कातडी जगते, आणि तोच थर वरून गुळगुळीतपणा देतो. गादीतला कापूस एका जागी जास्त उपसला की वरची खोळ तिथे दबते, तसं इथे होतं. फरक एवढाच की कातडी नुसती दबत नाही, खालच्या स्नायूला चिकटून बसते आणि हालचाल केली की ओढल्यासारखी दिसते. थांबायचं कधी, याची सर्जनकडे तीन निशाणं असतात. दोन्ही बाजूंची चिमट सारखी भरते, नळीला होणारा विरोध संपतो, किंवा पिवळा माल लालसर व्हायला लागतो. तिसरं दिसलं की त्या बोगद्यातलं काम संपलं.

काही जागा मुळातच सोडून द्यायच्या असतात. नितंबाखालची घडी, मांडीच्या बाहेरच्या बाजूचा खालचा भाग, मांडीच्या आतल्या बाजूचा मधला भाग, गुडघ्याच्या वर मागची बाजू, नितंबाच्या बाजूचा खोलगट भाग. इथे कातडी खालच्या पडद्याला घट्ट बांधलेली असते. नितंबाखालची आडवी वळी काढायचा आग्रह पुष्कळ जण धरतात. ती वळी नितंबाला खालून टेकू देत असते. ती काढली की नितंब ओघळतो, आणि एकाऐवजी दोन घड्या पडतात. इथे नाही म्हणणारा सर्जन मिळाला तर त्याच्यावर रागावू नये.

यंत्रांबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. कंप पावणारी नळी सर्जनचे कष्ट वाचवते आणि पाठीसारख्या चिवट भागात कामाला येते. ध्वनिलहरींचं किंवा लेसरचं यंत्र चरबी आधी सैल करतं, पण त्यात उष्णता असते. टोक एका जागी रेंगाळलं तर आतून भाजतं, आणि ध्वनिलहरींच्या पद्धतीत कातडीखाली पाणी साचायचं प्रमाणही जास्त दिसतं. जाहिरात यंत्राची होते. डाग आणि खळगे मात्र हाताने पडतात.

जिवावरचे धोके दुर्मीळ आहेत, पण आहेत. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका सर्वेक्षणात १९९४ ते १९९८ या काळातल्या सुमारे ५ लाख शस्त्रक्रियांची माहिती होती. त्यात ५ हजारांमागे साधारण एक मृत्यू आढळला, आणि सगळ्यात मोठं कारण होतं पायातल्या शिरेत झालेली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाणं. नंतर हे प्रमाण बरंच उतरलं. त्या आकड्यांनीच डोळे उघडले म्हणा ना. एका वेळी काढायची मात्रा आवरली गेली, एकाच दिवशी चार-चार शस्त्रक्रिया उरकण्याची हौस कमी झाली, पायांना दाबपट्ट्या आणि त्याच संध्याकाळी चालवणं सुरू झालं. पोटाच्या भिंतीत आधीच हर्निया किंवा जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण असेल, तर नळी वाट चुकून आतड्यात जाऊ शकते. म्हणून उभं करून, खोकायला लावून पोट तपासणं आणि शंका आली तर सोनोग्राफी करणं गरजेचं. द्रवाचं गणितही चुकतं. आत सोडलेल्या द्रावणाचा निम्म्याहून जास्त भाग शरीरातच राहतो आणि हळूहळू रक्तात येतो. हे न मोजता वर सलाईनच्या बाटल्या चढवल्या तर फुप्फुसात पाणी होतं. द्रावण आणि खोली दोन्ही थंड असतील तर तासाभरात शरीराचं तापमान उतरतं, म्हणून द्रावण कोमट करून वापरतात.

घरी आल्यावरची पहिली रात्र ओली असते. चिरा बऱ्याचदा मुद्दाम पूर्ण शिवत नाहीत. आत उरलेलं द्रावण तिथून बाहेर पडू देतात. एक-दोन दिवस गुलाबी पाणी गळतं, कधी गादी भिजेल इतकं. प्लॅस्टिकचं कापड, जुन्या चादरी, शोषून घेणारे पॅड आधीच तयार ठेवावेत आणि घाबरू नये. पाण्यात रक्ताचे थेंब रंगाला पुरेसे असतात. गडद लाल, घट्ट रक्त येत असेल तर मात्र फोन उचलावा. दुखणं जबर व्यायामानंतरच्या अंगदुखीसारखं, उठता-बसताना जास्त. त्याच दिवशी घरातल्या घरात चालायचं, दर दोन-तीन तासांनी. बिछान्याला खिळून राहणं इथे आराम नव्हे.

शस्त्रक्रिया झाली की त्या भागावर घट्ट बसणारा दाबपट्टा चढवतात. तो पहिल्यांदा काढला जातो दुसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर, आणि हमखास चक्कर येते ती तेव्हाच. दाब सुटला की रक्त खालच्या अंगाला उतरतं. म्हणून आधी थोडं खाऊन-पिऊन घ्यायचं, पट्टा आडवं असतानाच सैल करायचा, पाच मिनिटं तसंच पडायचं आणि मग सोबत कुणीतरी घेऊन स्टुलावर बसून, कोमट पाण्याने आटोपतं स्नान करायचं.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सूज कळसाला असते. काटा एखाद-दोन किलो जास्त दाखवतो, जुनी पँट चढत नाही, आणि ‘एवढं करून हे काय झालं’ असं वाटून अनेक जणांना रडू येतं. हे ठरलेलं आहे. काळेनिळे डाग गुरुत्वाकर्षणाने खाली सरकतात. पोटाचं काम झालं असेल तर मांड्यांपर्यंत उतरतात, पुरुषांच्या अंडकोशाला आणि स्त्रियांच्या योनीच्या ओठांना सूज येते. आधी कुणी सांगितलेलं नसलं तर माणूस हादरतो. आठ-दहा दिवसांत ते ओसरतं. टेबलखुर्चीवरचं काम तीन ते सात दिवसांत जमतं. गाडी चालवायची ती गुंगीच्या वेदनाशामक गोळ्या थांबल्यावर आणि पोट न आवळता करकचून ब्रेक दाबता येईल तेव्हाच.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक नवीनच प्रकार सुरू होतो. भाग लाकडासारखा कडक लागतो, आत गाठी हाताला येतात, एकीकडे बधिरपणा तर दुसरीकडे खाज आणि मध्येच विजेसारखी चमक. तुटलेले बारीक मज्जातंतू परत जुळताना असं करतात, आणि कडकपणा हा आत भरून येणाऱ्या जखमेचा आहे. हलक्या हाताचा मसाज बरा वाटतो. जोर लावून गाठी फोडायला जाऊ नये. बधिर भागावर गरम पिशवी किंवा बर्फ थेट ठेवायचा नाही, कारण भाजलेलं किंवा गोठलेलं कळणारच नाही. कुठे मऊ, लाटेसारखं हलणारं पाणी साचलं असेल, तर त्याला सिरोमा म्हणतात. ते डॉक्टर सुईने काढतात, कधी दोन-तीनदा.

पट्टा साधारण चार ते सहा आठवडे घालायचा, पहिले दोन जवळपास दिवसरात्र. धुण्यासाठी दोन जोड लागतात. जास्त घट्ट म्हणजे जास्त गुण, हा समज घातक आहे. बसल्यावर पट्ट्याला पडलेली घडी ताज्या जखमेवर दिवसभर रुतून राहिली तर तिथे कायमची आडवी रेघ उमटते. जांघेत आवळला तर पाय सुजतात आणि गुठळीला आमंत्रण मिळतं. दिवसातून दोनदा आरशात बघून घडी सारखी करायची, पावलं गार किंवा निळी पडली तर लगेच सैल करायचा. हे काम कंटाळवाणं आहे, आणि ते रुग्णाचंच आहे.

वाट न बघता रुग्णालय गाठायची कारणं वेगळी. दम लागणं, छातीत दुखणं, एकाच पोटरीची सूज आणि दुखणं, गोंधळल्यासारखं वागणं, छातीवर किंवा काखेत बारीक लाल ठिपके. पोटाचं दुखणं दिवसागणिक कमी होण्याऐवजी वाढत जाणं, पोट फळीसारखं कडक होणं, उलट्या. थंडी वाजून ताप, आणि वरून फारसं काही दिसत नसताना असह्य वेदना. खोल पसरणारा जंतुसंसर्ग सुरुवातीला असाच, फक्त वेदनेच्या रूपात कळतो. आणि महिन्या-दीड महिन्याने चिरेजवळ न भरणारे, वाहणारे फोड आले तर नेहमीच्या प्रतिजैविकांवर वेळ काढू नये. पाण्यात आणि नीट निर्जंतुक न केलेल्या हत्यारांत राहणारे क्षयाच्या कुळातले जंतू असं करतात, आणि त्यांची वेगळी तपासणी लागते.

आकार सहा आठवड्यांत ओळखू येतो, तीन महिन्यांत बराच ठरतो, शेवटचं रूप सहा महिन्यांनी. ते टिकतं का? प्रौढ माणसात चरबीच्या पेशींची संख्या जवळपास कायम राहते. २००८ सालच्या संशोधनानुसार दर वर्षी साधारण १० टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात. काढलेल्या पेशी त्या जागी सहसा परत भरत नाहीत. पण उरलेल्या फुगू शकतात, आणि इतर जागच्याही. २०११ सालच्या एका अभ्यासात मांड्या आणि ओटीपोटाची चरबी काढलेल्या स्त्रियांना वर्षभरानंतर तपासलं. एकूण चरबी जवळजवळ भरून आली होती. मांड्या बारीकच राहिल्या होत्या, भर पडली होती ती पोटावर. २०१२ साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी ३६ स्त्रियांमध्ये आणखी एक गोष्ट मोजली. पोटाच्या लायपोसक्शननंतर ज्यांनी व्यायाम केला नाही, त्यांची आतली चरबी सहा महिन्यांत साधारण १० टक्क्यांनी वाढली. ज्यांनी ठरवून व्यायाम केला त्यांची वाढली नाही. म्हणजे वरची निरुपद्रवी चरबी देऊन आतली त्रासदायक चरबी घेतल्यासारखं. जोराचा व्यायाम साधारण चौथ्या आठवड्यापासून, डॉक्टरांना विचारून सुरू करता येतो, आणि तो पुढे चालू ठेवायची तयारी नसेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकललेली बरी.

सहा महिन्यांनंतरही एखादी बाजू जाड राहिली, तर पुन्हा थोडं काढता येतं. हे सोपं काम. खळगा पडला असेल तर शरीराच्या दुसऱ्या भागातली चरबी घेऊन तिथे भरावी लागते. भरलेल्या चरबीपैकी काही भाग शरीर शोषून घेतं, त्यामुळे एका बैठकीत भागतंच असं नाही, आणि कातडी खाली चिकटलेली असेल तर ती आधी सोडवावी लागते. दुरुस्तीची घाई करू नये. सूज पूर्ण उतरण्याआधी केलेली दुरुस्ती सुजेवरची दुरुस्ती ठरते. पहिल्या भेटीतच विचारून ठेवावं, शक्यतो लेखी घ्यावं: दुरुस्ती लागली तर ती कोण करणार, किती महिन्यांनी, आणि तेव्हाचा शस्त्रक्रियागृहाचा आणि भूलतज्ज्ञाचा खर्च कुणाच्या खिशातून.